कुष्ठरोगाचा दुसरा जंतू

आपल्या आरोग्यसेवकांच्या वर्गात कुष्ठरोगाचा पाठ एका ठरलेल्या वाक्याने सुरू होतो. हा रोग शाप नाही, पूर्वजन्मीचे पाप नाही, आनुवंशिकही नाही. तो एका जंतूमुळे होतो आणि त्या जंतूचे नाव मायकोबॅक्टेरियम लेप्री. या वाक्याचा पहिला भाग आजही जसाच्या तसा खरा आहे. ‘एका जंतूमुळे’ एवढा तुकडा मात्र २००८ सालापासून सुधारून सांगावा लागतो. त्या वर्षी अमेरिकेतील ह्यूस्टन येथल्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील डॉ. शियांग हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरोगाचा दुसरा जंतू जगासमोर मांडला. त्याचे नाव मायकोबॅक्टेरियम लेप्रोमॅटोसिस.

वर्गात हे सांगितले की दोन प्रश्न हमखास येतात. जंतू नवीन आहे हे कशावरून ओळखले? आणि त्यानेच रोग झाला हे कशावरून? ऐकायला ते एकच वाटतात, पण ते दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसरा पहिल्यापेक्षा फार अवघड आहे. वर्गात तासाभरात जे सांगून होत नाही ते इथे जरा सविस्तर सांगतो.

गोष्ट सुरू होते मेक्सिकोत. १८५२ साली ल्यूसिओ आणि अल्वारादो या दोन डॉक्टरांनी मेक्सिको शहरातील कुष्ठरुग्णालयात पाहिलेल्या एका निराळ्या प्रकाराचे वर्णन लिहून ठेवले. या रुग्णांच्या अंगावर चट्टे नसतात, गाठीही नसतात. सगळी त्वचाच हळूहळू आतून भरत जाते आणि ताणली जाते. सुरुवातीला चेहऱ्यावरच्या सुरकुत्या नाहीशा होऊन तो तुकतुकीत दिसू लागतो, म्हणून तिकडचे लोक याला ‘सुंदर कुष्ठ’ म्हणत. पुढे भुवया आणि पापण्यांचे केस झडतात, हातपाय बधिर होतात. काही रुग्णांना नंतर अंगावर, विशेषतः पायांवर, दुखणारे लालजांभळे डाग उठतात, ते काळे पडतात आणि त्यांच्या जखमा होतात. या शेवटच्या अवस्थेला ल्यूसिओचेच नाव आहे. एकाच रोगाचा एवढा वेगळा चेहरा मेक्सिकोच्या आसपासच का दिसावा, हे कोडे दीडशे वर्षे तसेच राहिले. कोडे अधिकच अवघड होण्याचे कारण असे की जगभरातून गोळा केलेले लेप्री जंतूचे नमुने जवळजवळ एकाच साच्यातून काढल्यासारखे सारखे निघतात. जंतू तोच, मग रोगाचे रूप एवढे निराळे कसे?

हान यांच्या हाती आलेले दोन्ही रुग्ण मूळचे मेक्सिकोचे होते आणि दोघेही याच पसरट प्रकाराने दगावले होते. एकाच्या यकृतात जंतू खच्चून भरलेले होते. शवविच्छेदनात काढून गोठवलेल्या त्या यकृतातून जंतू वेगळे करून त्यांचा डीएनए काढण्यात आला. दुसऱ्याच्या बाबतीत मेणात जतन केलेला त्वचेचा तुकडा तेवढा होता, त्यातून डीएनए मिळवला.

सूक्ष्मदर्शकाखाली यातले काहीच उमगले नसते. मी स्वतः अनेक वर्षे कानाच्या पाळीचे स्मिअर रंगवून पाहिले आहेत. निळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी काड्या दिसतात, एकट्या किंवा जुडी बांधल्यासारख्या. लेप्रीच्या काड्या तशाच आणि लेप्रोमॅटोसिसच्याही तशाच. ज्यांनी भाताची खाचरे बेणली आहेत त्यांना हे लगेच पटेल. भातासारखेच दिसणारे तण असते. पाने तीच, उंची तीच, आणि लोंबी बाहेर पडेपर्यंत जाणता माणूससुद्धा फसतो. जंतूची लोंबी म्हणजे त्याचा डीएनए.

प्रत्येक जंतूत प्रथिने बनवणारा एक कारखाना असतो, त्याला रायबोसोम म्हणतात. या कारखान्याच्या एका भागाचा आराखडा ज्या जनुकात लिहिलेला असतो, त्याला सोळा-एस जनुक असे नाव आहे. त्याची लांबी सुमारे पंधराशे अक्षरे. कारखाना बिघडला तर जंतू मरतो, म्हणून या मजकुरात बदल फार सावकाश होतात. इतर मजकूर भराभर बदलत असला तरी हा पिढ्यान् पिढ्या टिकतो. त्यामुळे दोन जंतूंचे नाते किती जवळचे, हे या जनुकावरून मोजण्याची पद्धत आहे. हान यांना लेप्रीच्या आणि या जंतूच्या सोळा-एस जनुकात २.१ टक्के फरक आढळला, म्हणजे पंधराशेत तीसेक अक्षरे वेगळी. एकाच जातीतल्या दोन नमुन्यांत एवढा फरक पडत नाही. त्यांनी आणखी पाच जनुके वाचली. ती कमी जपली जाणारी असल्यामुळे त्यांत ६ ते १४ टक्के फरक निघाला. निष्कर्ष असा की दोन्ही जंतूंचा पूर्वज एक, पण वाटा केव्हाच वेगळ्या झालेल्या. पुढे २०१५ साली संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तेव्हा ही फारकत सुमारे १ कोटी ३९ लाख वर्षांपूर्वीची असावी असा अंदाज निघाला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एवढ्यावर पुरे आहे.

दुसरा प्रश्न मात्र असा सुटत नाही. आजारी माणसात जंतू सापडला म्हणजे त्यानेच आजार झाला, असे नव्हे. आपल्या त्वचेवर, तोंडात, आतड्यात असंख्य जंतू सुखाने राहतात. यासाठी जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या नावाने ओळखली जाणारी जुनी कसोटी आहे. त्या रोगाच्या प्रत्येक रुग्णात तो जंतू सापडला पाहिजे. त्याला शरीराबाहेर, प्रयोगशाळेत एकट्याला वाढवता आले पाहिजे. तो निरोगी प्राण्याला टोचल्यावर तोच रोग झाला पाहिजे, आणि त्या प्राण्यातून तोच जंतू पुन्हा मिळाला पाहिजे. क्षयाच्या जंतूने ही परीक्षा १८८२ सालीच पार केली.

कुष्ठरोगाचा जंतू दुसऱ्या पायरीवरच अडतो. नॉर्वेतील बर्गेन येथे डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली रुग्णांच्या गाठींत या काड्या पाहिल्या. माणसाच्या रोगाशी जोडलेला हा अगदी सुरुवातीच्या जंतूंपैकी एक. पण आजपर्यंत तो कोणत्याही बशीत, कोणत्याही रसावर वाढलेला नाही. हॅन्सन यांनी शेवटी जे केले ते आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावे. १८७९ साली त्यांनी एका रुग्णाच्या गाठीतला अंश दुसऱ्या एका स्त्रीच्या डोळ्यात टोचला. त्या स्त्रीला आधीच वेगळ्या प्रकारचा कुष्ठरोग होता. तिची संमती घेतलेली नव्हती. तिला कसलाही नवा रोग झाला नाही, पण प्रकरण न्यायालयात गेले आणि १८८० साली हॅन्सन यांना रुग्णालयातील पद सोडावे लागले. जंतू शोधणारा म्हणून त्यांचा मान मोठा आहे आणि तो असावाही. पण मला त्या न्यायालयाचाही तितकाच आदर वाटतो. गरीब, आजारी, एकटी बाई म्हणजे प्रयोगाचे साधन नव्हे, हे त्याने त्या काळात ठणकावून सांगितले.

याच्या उलट उदाहरण आपल्याच मातीतले आहे. कोलकात्यात कुष्ठरोगाचे शिक्षण घेताना बाबा आमटे यांनी जंतूंच्या प्रयोगासाठी स्वतःचे शरीर देऊ केले होते, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल. धाडस दोन्हीकडे होते. फरक एवढाच की एका ठिकाणी शरीर स्वतःचे होते.

माणसावर प्रयोग करायचे नाहीत आणि बशीत जंतू वाढत नाही, मग मार्ग कोणता? १९६० साली अमेरिकेतील चार्ल्स शेपर्ड यांनी दाखवले की उंदराच्या पायाच्या तळव्यात लेप्री जंतू थोडाफार वाढतो. तळवाच का, तर या जंतूला थंडावा लागतो. म्हणूनच माणसातही तो कान, नाक, हातापायांची टोके आणि त्वचेजवळून जाणाऱ्या नसा निवडतो. १९७१ साली कर्शहायमर आणि स्टॉर्स यांनी आर्माडिलो या प्राण्यात तो वाढवला. आर्माडिलो अमेरिकेतला, पाठीवर कवच असलेला. त्याला पाहून आपल्याला खवले मांजराची आठवण होईल, पण दोघांचे नाते नाही. त्याच्या शरीराचे तापमान आपल्यापेक्षा कमी असते, म्हणून जंतू तिथे जोमाने वाढतो. जोमाने म्हणजे कसे? एकाचे दोन व्हायला जवळजवळ दोन आठवडे. आतड्यातला साधा जंतू हेच काम वीस मिनिटांत उरकतो. रोगाची लक्षणे दिसायला वर्षानुवर्षे का लागतात, याचे एक मोठे कारण इथे आहे.

आर्माडिलोत वाढवलेल्या जंतूमुळेच लेप्रीचा संपूर्ण जनुकसंच २००१ साली वाचता आला, आणि तो नमुना मुळात तामिळनाडूतील एका रुग्णाचा होता. वाचल्यावर जे दिसले त्याने सगळेच चकित झाले. क्षयाच्या जंतूत सुमारे चार हजार कामाची जनुके असतात. लेप्रीत १६०४ चालू आणि १११६ निकामी. मोठा वाडा असावा आणि अर्ध्याअधिक खोल्यांना कुलूप लागलेले असावे, तशी ही अवस्था. स्वतःचे अन्न स्वतः तयार करण्याची कितीतरी साधने त्याने टाकून दिली आहेत. माणसाच्या पेशीत आयते मिळते, म्हणून तो तिथेच राहतो आणि बाहेर जगत नाही.

आता पुन्हा नव्या जंतूकडे वळू. तोही बशीत वाढत नाही. याचा एक गमतीशीर परिणाम असा की जंतूंना नाव देण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नव्या जातीचा जिवंत नमुना दोन देशांतील संग्रहालयांत ठेवावा लागतो. ज्याला वाढवताच येत नाही त्याचा नमुना ठेवणार कसा? म्हणून काटेकोर यादीत या नावाला अजून पूर्ण मान्यता नाही. रुग्णाच्या नसेला मात्र या नियमांची वाट पाहता येत नाही.

२०१५ साली एका मेक्सिकन रुग्णाच्या त्वचेच्या तुकड्यातून थेट लेप्रोमॅटोसिसचा जवळजवळ पूर्ण जनुकसंच वाचण्यात आला. आकार लेप्रीएवढाच, जनुकांची मांडणी बहुतांशी तीच आणि अर्धा संच निकामी. चालू जनुके ९३ टक्के जुळतात, निकामी ८२ टक्केच. हे अपेक्षितच म्हणायचे. वापरातल्या खोल्यांची डागडुजी होत राहते, बंद खोल्या आपापल्या परीने ढासळत जातात. रोग करण्याच्या क्षमतेविषयी त्यात एक महत्त्वाची गोष्ट आढळली. आपल्या नसांच्या तंतूंभोवती श्वान पेशींचे वेष्टन असते. तारेवरचे रबर समजा. लेप्री याच पेशींत शिरतो, आणि म्हणून बधिरता येते, बोटे वाकडी होतात, तळव्याला न कळणाऱ्या जखमा होतात. या पेशींत शिरायला जी जी साधने लागतात ती सर्व नव्या जंतूनेही राखून ठेवलेली आहेत. म्हणजे नसा बिघडवण्याची ताकद त्याच्याकडे असावी. ‘असावी’ हा शब्द इथे मी मुद्दाम वापरतो. हत्यार घरात सापडणे आणि वार करताना दिसणे यांत फरक असतो. २०२० साली, रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या विशिष्ट उंदरांच्या तळव्यात हा जंतू वाढवण्यात यश आल्याचे प्रसिद्ध झाले. त्यामुळे आता त्याचा अभ्यास केवळ मृतांच्या किंवा रुग्णांच्या त्वचेवर अवलंबून राहिलेला नाही.

रोगाशी असलेले नाते पडताळण्याची दुसरी रीत म्हणजे पुष्कळ रुग्ण तपासणे. २०१५ च्याच अभ्यासात निरनिराळ्या देशांतील २२७ रुग्णांचे त्वचेचे नमुने पीसीआरने तपासले. २२१ नमुन्यांत लेप्री होता आणि सहांत लेप्रोमॅटोसिस. ते सहाही मेक्सिकोचे. हान यांनी २०१२ साली केवळ मेक्सिकोतील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात ८७ जणांमध्ये जंतूची जात निश्चित करता आली. ५५ जणांत फक्त लेप्रोमॅटोसिस, १८ जणांत फक्त लेप्री आणि १४ जणांत दोन्ही. आशियात सिंगापूरमधील रुग्णांतही तो आढळल्याची नोंद आहे.

हे आकडे नीट पाहिले तर सुरुवातीची सोपी समजूत टिकत नाही. पसरट प्रकार म्हणजे नवा जंतू आणि चट्टे म्हणजे जुना, अशी विभागणी करता आली असती तर काम सोपे झाले असते. पण नवा जंतू कुष्ठरोगाच्या इतर प्रकारांतही सापडला आणि ल्यूसिओची अवस्था लेप्रीच्या रुग्णांतही दिसली आहे. रोग कोणते रूप घेतो हे जंतूइतकेच माणसाच्या प्रतिकारशक्तीवर ठरते. बहुसंख्य लोकांच्या शरीरात लेप्री जंतू शिरला तरी त्यांना रोग होतच नाही, हे आपण वर्गात नेहमी सांगतो. तोच नियम इथे लागू आहे.

प्राण्यांतही हेच दिसले. २०१६ साली ब्रिटिश बेटांवरील लाल खारींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्कॉटलंड, आयर्लंड आणि वाइट बेटावरील खारींत लेप्रोमॅटोसिस सापडला, तर ब्राउन्सी नावाच्या लहानशा बेटावरच्या खारींत लेप्री. काही खारींचे कान आणि थुथने सुजलेली होती, तर काहींत जंतू असूनही वरून काहीच दिसत नव्हते. (आपल्या अंगणातली पट्टेवाली खार निराळी आहे. हे वाचून कुणी मुलांना खारीपासून दूर पळवू नये.) २०२५ साली आणखी एक मोठा अभ्यास आला. प्राचीन आणि आजचे मिळून सुमारे आठशे नमुने तपासले गेले, आणि कॅनडा व अर्जेंटिनातील सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या मानवी अवशेषांत लेप्रोमॅटोसिस मिळाला. म्हणजे युरोपीय लोक अमेरिकेत पोचण्याच्या कितीतरी आधीपासून तिथले मूळ रहिवासी या रोगाने ग्रस्त होते. कुष्ठरोग अमेरिकेत बाहेरूनच आला अशी समजूत होती. लेप्रीपुरती ती ठीक असेल, या दुसऱ्या जंतूपुरती नाही. त्याला ‘नवा’ म्हणायचे ते केवळ आपल्याला नुकताच कळला म्हणून.

हे सारे दूरदेशीचे आहे, आपल्या पाड्यांवर त्याचा काय उपयोग, असे कुणी विचारील. औषधापुरते पाहिले तर फरक काहीच नाही. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन ही बहुविध औषधे लेप्रोमॅटोसिसच्या रुग्णांनाही तीच देतात. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात आणि बहुजंतू रुग्णाने ती बारा महिने घ्यायची असतात. लघवी लालसर होईल, त्वचा काळवंडेल, हे पहिल्याच दिवशी घरातल्या सर्वांना सांगावे. नाहीतर तिसऱ्या महिन्यात पाकीट फळीवर पडून राहते.

फरक पडतो तो आपल्या पाहण्यात. आपण सर्वांना चट्टा शोधायला शिकवले आहे. फिकट किंवा लालसर, बधिर, पेनचे टोक टेकवले तरी न कळणारा. मेक्सिकोचे ते दोन रुग्ण अशा पाहणीत सुटले असते. आणि ही गोष्ट मेक्सिकोपुरती नाही. लेप्रीच्या बहुजंतू रुग्णांतही त्वचा सर्वत्र सारखीच भरून येऊ शकते, आणि अशा माणसाच्या अंगावर वेगळा उठून दिसणारा एकही चट्टा नसतो. त्याच्या शरीरात जंतू मात्र सर्वांत जास्त असतात. चेहरा तेलकट, तुकतुकीत. कानाच्या पाळ्या जाड, लोंबल्यासारख्या. भुवया बाहेरच्या टोकाकडून विरळ. पावले थोडी सुजलेली आणि मुंग्या आल्यासारखी. शेजारीपाजारी म्हणतात, तब्येत सुधारली. अशा माणसाला ‘चट्टा नाही’ म्हणून पुढे जाऊ देऊ नये. त्याच्या कानाच्या पाळीचा स्मिअर घ्यायला पाठवावे. त्या स्मिअरवरून जंतू कोणत्या जातीचा ते कळणार नाही, त्यासाठी पीसीआर लागते. उपचार सुरू करायला त्याची गरज नसते.

आणखी एक. औषध सुरू असताना किंवा संपल्यावरही अंगावर लाल दुखऱ्या गाठी उठल्या, ताप आला, पायावरचे डाग काळे पडू लागले, हातापायांची ताकद अचानक कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. गोळ्या आपणहून बंद करू नयेत.

येत्या शोध मोहिमेसाठी आपल्या नोंदवहीत ‘चट्टे किती’ या रकान्याशेजारी दोन नवे रकाने हाताने आखून घेतले आहेत: ‘भुवया’ आणि ‘कानाच्या पाळ्या’. तपासणी उजेडात, दाराबाहेर करावी आणि माणसाला आधी विचारून करावी. बाईंची तपासणी ताईंनीच करावी. दोन्ही रकाने रिकामे सोडू नयेत, काही वेगळे नसेल तर ‘ठीक’ असे लिहावे.